पाखरांच्या पाण्याची करवंटी

“कोणी हात लावू नका!” असं मी दारातून ओरडेपर्यंत उशीर झाला होता. पीआय साहेबांनी करवंटी उचलून उलटी केली आणि आतला थंड चहा टेबलाच्या काचेवर सांडला. दुधाचा चहा. वर साय धरलेली, त्यात मुंग्या. साहेबांनी हात झटकला, रुमाल काढला आणि माझ्याकडेच रागाने बघितलं. करवंटी मी आणली नव्हती, पण साहेबांचा राग नेहमी जवळच्या माणसावर निघायचा.

करवंटी आणली होती वंदनाताईंनी. चाळिशीच्या, किडकिडीत, आवाज खणखणीत. धामापूरच्या तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात त्यांनी नुकतंच चहा-भजीचं हॉटेल टाकलं होतं. गावाचं नाव सांगत नाही, खटला अजून चालू आहे. सकाळी त्या हॉटेल उघडायला गेल्या, तर दाराच्या कडीला सुंभाने बांधून ही करवंटी लोंबत होती. आत चहा भरलेला.

“तक्रार लिहून घ्या, साहेब.”

“कसली? करवंटीची?” साहेब काच पुसत म्हणाले. “अहो बाई, या जिल्ह्यात माणसांपेक्षा करवंट्या जास्त आहेत.”

वंदनाताई तोपर्यंत शुद्ध भाषेत बोलत होत्या. आता भाषा घरची झाली. “करवंट्यो माझ्या घरात पण आसत, साहेब. ती खंय बांधली आणि आत काय घातल्यानी, ता बघा.”

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. नारळातलं खोबरं खवून घेतलं की उरते ती करवंटी. तिला दांडा लावला की आमटी वाढायचा डवला होतो. इतकी साधी वस्तू. पण जुन्या काळी आमच्या भागातल्या चहाच्या दुकानांत बौद्धवाडीतल्या माणसाला, तेव्हा महारवाडा म्हणायचे, कपबशी मिळत नसे. दुकानाच्या मागच्या पडवीत वाशाला करवंट्या खोचलेल्या असत. त्याने आपली काढायची, लांब धरायची, वरून चहा ओतला जायचा. पिऊन झाल्यावर स्वतःच धुऊन परत खोचायची. वंदनाताई बौद्धवाडीतल्या. त्यांच्या हॉटेलच्या दाराला चहा भरलेली करवंटी बांधणाऱ्याला काय म्हणायचं होतं, ते गावातल्या प्रत्येक जाणत्या माणसाला कळणार होतं. मलाही कळलं आणि माझं डोकं तापलं.

साहेबांनाही कळलं होतं. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना शांतता फार प्रिय. हा गुन्हा अ‍ॅट्रॉसिटीत दाखल झाला की तपास डीवायएसपींकडे जातो. मग वरून गाड्या येतात, फोन येतात, पुढारी येतात. म्हणून साहेब म्हणाले, “परब, बाईंचा अर्ज घ्या. जाऊन चौकशी करा.” एफआयआर झाली की गुन्हा दाखल होतो आणि चाक फिरायला लागतं. अर्ज म्हणजे नुसता कागद. तो बहुतेक वेळा फायलीत म्हातारा होतो.

मी तेव्हा सहायक फौजदार होतो आणि निवृत्ती जवळ आली होती. अर्ज घेतला, करवंटी पिशवीत घालून वर चिठ्ठी लावली आणि मोटरसायकल काढली.

हॉटेल छोटंच. पुढे पत्र्याची शेड, तीन बाकडी, गॅसची शेगडी. वंदनाताईंचे सासरे सोनूबाबा हॉटेलच्या मागे एका चिऱ्यावर बसले होते. ऐंशीच्या घरातले, डोक्याला पंचा. पुढची बाकडी रिकामी.

“बाबा, पुढे बाकड्यार बसा मां. हंय कित्याक बसलास?” मी विचारलं.

बाबांनी माझ्याकडे बघितलंच नाही. “करवंटी बघितलंय आणि पाय आपसूक मागल्या दारी इले,” ते म्हणाले. “सवय.”

मी बावीस तऱ्हेचे गुन्हेगार बघितलेत, पण त्या एका शब्दानंतर मी टोपी काढून बाबांच्या शेजारी खाली बसलो.

वंदनाताई कढईत भजी सोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “ह्येंका पुढे बसवूक मी हॉटेल घातलंय, परबांनू. ह्येंनी रस्त्याकडे तोंड करून, काचेच्या गिलासातसून चाय पियाची, इतकीच माझी हौस. ते मागे बसतले तर माका हॉटेल काय करूचा आसा? बांधणारो सापडाक नाय, तर मी बंद करतलंय.”

आता संशय कोणावर घ्यायचा? पहिला माणूस समोरच होता. रस्त्यापलीकडे भाईचं हॉटेल. तीन पिढ्यांचं. आणि ज्या पडवीत पूर्वी करवंट्या खोचलेल्या असायच्या ती पडवी त्याच्याच आजोबांची. वंदनाताईंच्या भज्यांनी त्याचं गिऱ्हाईक पळवलं होतं. मी आत शिरलो तसा भाईने फडका टाकला.

“माका ठावक होता तुमी माझ्याकडेच येतलास.”

“मग सांगून टाक.”

“काय सांगू? माझ्या आजान करवंट्यो ठेवलेल्यो, खोटा कित्याक बोलू? माझ्या बापाशीन त्यो फेकल्यान आणि कप आणल्यान. वंदनाचो माका राग येता, येता तर येता. पण राग इलो तर मी रस्त्यार उभो रवान भांडतंय. करवंट्यो बांधणय नाय. शिरा पडली त्या बांधणाऱ्याच्या तोंडार!”

खरं बोलला की छान बोलला, ते कळेना. चाळीस वर्षं पोलिसात काढलेल्या माणसाला छान बोलणारा जास्त खटकतो. त्यात ठाण्यावर परतलो तर आमच्याच एका सहकाऱ्याने कानाशी लागून सांगितलं, “परबांनू, बाईनच बांधली असतली. हॉटेलाचा नाव होवक.” मला त्याचा संताप आला. पण संशय घेणं हे आमचं काम, त्यात नातं-गोतं-दया बसत नाही. म्हणून मी त्याही बाजूने विचार केला. वंदनाताईंच्या हॉटेलात चटणी दाण्याची होती. नारळ मला कुठे दिसला नव्हता. तेवढ्यावर काही ठरत नाही, पण लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाजी ठाण्यावर आले. पांढरा शर्ट, खिशाला पेन. गावातल्या तंटामुक्त समितीचे अध्यक्ष, देवळाचे मानकरी. मानकरी म्हणजे उत्सवात ज्यांच्या घराला मान असतो ते. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली.

“गैरसमज झालाय, साहेब,” दाजी हसत म्हणाले. “उन्हाळा आहे. पाखरांना पाणी मिळत नाही. म्हणून समितीतर्फे आम्ही रस्त्याने करवंट्या बांधल्यात. त्यातलीच ती एक. कोणीतरी उरलेला चहा ओतला असेल. चला, दाखवतो.”

साहेबांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. आम्ही जीपने गेलो. खरंच होतं. फणसाला करवंटी, काजूला करवंटी, स्टॉपजवळच्या आंब्याला करवंटी. सगळ्या सुंभाने बांधलेल्या, सगळ्यांत पाणी. एका करवंटीवर तर साळुंकी बसली होती. साहेबांनी मोबाइलवर तिचा फोटो काढला.

“झालं, परब. उद्या सकाळी अर्ज निकाली काढा.”

वंदनाताई रस्त्यात येऊन उभ्या राहिल्या. “पाखरांका दूध-साखर घातलेली चाय देतत काय हो? आणि पाखरां माझ्या दाराची कडी धरून पितली?”

“बाई, शांत व्हा.” साहेब जीपमध्ये बसले.

“मी शांतच आसंय. मी दार लावतंय.”

त्या आत गेल्या आणि त्यांनी गॅस बंद केला. मी बघितलं. कढईतलं तेल तसंच तापलेलं होतं.

मला दोन गोष्टी टोचत होत्या. एक, आदल्या दिवशी मी त्याच रस्त्याने गेलो होतो. मोटरसायकल माझी हळू चालते, बायको त्यावरून टोमणे मारते. एकही करवंटी मला दिसली नव्हती. पण हे साहेबांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, “तुमचं लक्ष नव्हतं.” म्हणून मी जीप सोडून मागे थांबलो आणि फणसाच्या करवंटीत बोट फिरवलं. दुसरी गोष्ट तिथे सापडली. कडेला खोबऱ्याचा ओला, पांढरा कीस चिकटला होता. पुढची बघितली. तिलाही. काजूची बघितली. तिलाही. सगळे नारळ एकाच हाताच्या कोयत्याने फुटलेले.

घरात साठलेल्या करवंट्या अशा नसतात. काही काळ्या पडलेल्या, काही धुरकटलेल्या, एखाद्या करवंटीत कोळ्याचं जाळं. पाखरांसाठी बांधणारा माणूस तसल्या जुन्या घेतो. इथे कोणीतरी एका दमात ढीगभर नारळ फोडले होते. नारळ फोडले म्हणजे खोबरं निघालं. ते गेलं कुठे?

घाटावरच्या माणसाला हा प्रश्न पडणार नाही. आमच्याकडे पडतो. आमच्याकडे माणूस भावाशी कोर्टात भांडेल, जमीन पडीक टाकेल, पण खवलेलं खोबरं फेकणार नाही. हात धजतच नाही. आणि आंब्याच्या दिवसांतल्या उकाड्यात ओलं खोबरं ठेवलं तर दुसऱ्या दिवशी वास मारतं. म्हणजे ते शिजलं पाहिजे, खाल्लं पाहिजे, नाहीतर वाटलं पाहिजे.

सकाळी साहेबांना ठाण्यात यायला वेळ असतो. मी तडक भाईच्या हॉटेलात गेलो. माझा संशय अजून त्याच्यावरच होता; दाजी त्यालाच पाठीशी घालत असतील, असं वाटत होतं. बशीत नारळाच्या वड्या होत्या. ताज्या, वेलची घातलेल्या.

“भाई, वड्यो कोणी केल्यो?”

“माझी बाईल इतकी हौशी आसा काय? दाजीकडसून इल्यत. काल माईनी सगळ्या वाडीत वाटल्यान. खावा.”

मी वडी खिशात घातली आणि उठलो. भाई ओरडला, “चाय घेतलास नाय ती?”

दाजींचं घर बागेच्या टोकाला. दाजी बागेत गेले होते. त्यांच्या पत्नी, सगळे त्यांना माई म्हणतात, पडवीत आडाळ्यावर बसल्या होत्या. आडाळो म्हणजे आमची खोबरं खवायची विळी. उजव्या हाताच्या बोटाला चिंधी बांधलेली.

“येवा परबांनू, बसा. रस-शिरवाळ्यो खावा.”

रस-शिरवाळ्यो म्हणजे तांदळाच्या शेवया आणि नारळाच्या दुधातला गुळाचा रस. हे सणासुदीचं खाणं.

“आज काय सण, माई?”

“कसलो सण नि कसला काय! ह्येंच्या डोक्यात परवा काय भरला देव जाणे, नारळ फोडूक बसले. करवंट्यो होयो म्हणतत. साठवलेल्यो सगळ्यो मी बचत गटाच्या बायांका देवन टाकल्यय, त्यो रिसॉर्टाक वाटयो करून देतत. मगे ह्येंनी नारळच फोडल्यांनी. आता खोबरा फेकूचा काय? वड्यो केलंय, वाटलंय, फ्रिज भरलंय, तरी सरणा नाय. हात बघा माझो!”

माईंनी ताट पुढे केलं. मी खाल्लं, खोटं कशाला सांगू. फार सुरेख झाल्या होत्या. त्या बाईला आपण काय बोललो याची कल्पना नव्हती, आणि मला ताटावर बसून लाज वाटत होती. पण तोंड पुसायला मागच्या दारी गेलो, तिथे लाज पळाली.

न्हाणीच्या बाजूला अर्ध्या करवंट्यांचा ढीग होता. नारळ आडवा फोडला की त्याचे दोन भाग होतात. एका भागाला तीन डोळे असतात, त्यातला एक कच्चा, तिथून पाणी गळतं. दुसऱ्या भागाला डोळे नसतात. पाणी भरायला तो बिनडोळ्यांचाच घ्यावा लागतो. रस्त्यावरच्या झाडून सगळ्या करवंट्या बिनडोळ्यांच्या. आणि या ढिगात सगळ्या डोळ्यांच्या. बहुतेक पांढऱ्या-ताज्या होत्या. एकच जरा काळपटलेली, कडेला बुरशी धरू लागलेली. इतरांपेक्षा आधी फोडलेली.

मी ढिगाला हात लावला नाही. तेवढ्यात दाजी आले.

“परब? इकडे कुठे?”

“शिरवाळ्यो खावक. दाजीनू, तुमची पाखरांची मोहीम कधीपासून?”

“झाले की आठ-पंधरा दिवस.”

“मग खोबरं परवाचं कसं?”

दाजींचं हसू तसंच राहिलं, पण डोळे ढिगाकडे गेले आणि परत आले. इतका वेळ ते मला अहो-जाहो करत होते. आता म्हणाले, “तुका काय म्हणूचा आसा?”

मी तिथेच परसात, ढिगावर नजर ठेवून, साहेबांना फोन लावला. सगळं सांगितलं.

“परब, तुमची रिटायरमेंट जवळ आलीय.”

“म्हणूनच, साहेब.”

“त्या ढिगाजवळून हलू नका,” ते म्हणाले. “बाईंना मी स्वतः बोलावतो. एफआयआर घेतो.”

त्या दिवशी मला साहेब पहिल्यांदा आवडले.

दुपारी डीवायएसपी मॅडम आल्या. पंचांसमोर, म्हणजे दोन तटस्थ साक्षीदारांसमोर, पंचनामा झाला. मॅडमनी माझ्या पिशवीतली करवंटी काढली आणि ढिगातली ती काळपट अर्धी तिच्यावर ठेवली. एकदा फिरवली, दोनदा फिरवली. तिसऱ्यांदा कडा एकमेकींत बसल्या. एका ठिकाणी कोयता सरकून टवका उडाला होता, तोही दोन्हीकडे जुळला. नारळ परत अख्खा झाला. माई दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या.

दाजी खाली बसले नाहीत की रडले नाहीत. “मी कोणाला मारलं नाही. शिवी दिली नाही. करवंटीच ती,” ते म्हणाले.

“मग पाखरांची गोष्ट कशाला रचलीत?” मॅडमनी विचारलं.

मग दाजींनी खरं कारण सांगितलं. देवळात सप्ताह येतोय. बाहेरगावचे पाहुणे त्याच रस्त्याने येणार. पहिलं हॉटेल तिचं. “तिच्या कपान चाय पिवन माणसां देवळात येतली? आमी ता बघीत रवाचा?” हे ते इतक्या सरळपणे म्हणाले की मला राग येण्याआधी भीती वाटली. या माणसाने समितीच्या बैठकीत माझ्या शेजारी बसून बंधुभावावर भाषण केलेलं मी ऐकलं होतं. टाळ्याही वाजवल्या होत्या.

पुढची हकिगत फार देखणी नाही. दाजी जामिनावर सुटले. माईंनी जबाब दिला तेव्हा नारळ कोणी फोडले ते त्यांना आठवेना. पंचांपैकी एक हल्ली मला बघून रस्ता ओलांडतो. गावात मात्र करवंटीचा धसका बसला. पाखरांसाठी बांधलेल्या तर उतरल्याच, पण ज्यांनी कधी कोणाचं वाईट चिंतलं नाही त्यांनीही डवले लपवले. वंदनाताई कोणाकडे हळदीची पानं मागायला गेल्या की आतली बाई आधी आमटीत स्टीलचा डाव टाकते. वंदनाताईंना ते दिसतं. बचत गटाच्या बायका मला विचारायला आल्या, “परबांनू, वाटयो केल्यो तर गुन्हो होता काय?” तिकडे तारकर्लीच्या रिसॉर्टात पर्यटक त्याच वाट्यांतून सोलकढी पिऊन फोटो काढतात. मी त्यांना काय उत्तर देणार? करा म्हणालो.

हॉटेल बंद झालं नाही. सप्ताहात बाहेरगावचे पाहुणे आले, त्यांनी वंदनाताईंकडे चहा घेतला, भजी खाल्ली आणि देवळात गेले. देव काही बोलला नाही. भाई मात्र रस्त्यावर उभा राहून वंदनाताईंशी भांडला, त्यांचं बाकडं त्याच्या बाजूला सरकलं म्हणून. मला बरं वाटलं.

या सगळ्यात मी जे शिकलो ते एवढंच, की आमच्या मुलखात तपास करायचा तर आधी स्वयंपाकघरात जावं. माणूस मनातलं विष पिढ्यान् पिढ्या झाकून ठेवतो. ओलं खोबरं त्याला एक दिवस झाकता येत नाही.

निवृत्तीनंतर मी त्या बाजूला गेलो की वंदनाताईंकडे थांबतो. परवा गेलो तर सोनूबाबा पुढच्या बाकड्यावर होते, रस्त्याकडे तोंड करून, हातात काचेचा ग्लास. मला बघून सरकले.

“परबांनू, खटलो खंय पोचलो? माझी करवंटी माका परत कधी गावतली?”

मी समजावलं. ती मुद्देमाल आहे, म्हणजे पुरावा. सील करून ठेवलीय. निकाल लागला की कोर्ट सांगेल, नष्ट करायची की परत द्यायची.

“नष्ट करूक देव नकात. माका होयी.”

“बाबा, ती कित्याक होयी तुमका?”

“चुलीत घालूक. तेच्यार चायचा आधण ठेवतलंय,” बाबा म्हणाले. “करवंटीचो इस्तो बरो असता, चाय झटक्यान होता. तुमी येवा त्या दिसा प्यावक.”

आतून वंदनाताई ओरडल्या, “घरात दोन सिलिंडर आसत आणि ह्येंका करवंटीर चाय होयी!”

मी येतो म्हणालो. कोर्टाच्या तारखा बघता तोवर आम्ही दोघं असू की नाही याचा मला संशय आहे. बाबांना तो अजिबात नाही. त्यांनी चुलीसाठी जागा साफ करून ठेवलीय, हॉटेलच्या पुढच्या बाजूला.